बरणीच्या पाठीमागची पट्टी

पहिला संशय मला आरशावर आला. दाढी करायला बसलो, तर समोरचा माणूस मी नव्हतो. डोळ्यांच्या जागी दोन फटी, गाल टम्म, हनुवटी गळ्यात बुडालेली. आरसा जुना, पारा उडालेला, म्हणून मी त्यालाच दोष दिला आणि अंगणात जाऊन बादलीतल्या पाण्यात तोंड पाहिलं. तिथंही तोच माणूस होता.

माझी बायको हौसा भाकरी थापत होती.

"हौसा, माझं तोंड सुजलंय का गं?"

तिनं वर पाहिलं आणि तिचे हात थांबले. "झोप जास्ती झाली आसंल," ती म्हणाली आणि डोळे चुलीकडं नेले. हौसा खोटं बोलली की डोळे चुलीकडं नेते. लग्नाला बारा वर्षं झाली होती, एवढं मला कळत होतं. माझ्या आजारपणाची सुरुवात झाली ती अशी, बायको आपल्यापासून काहीतरी लपवते आहे या समजुतीनं.

*

मी तिसगावच्या पलीकडच्या एका खेड्यात गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, औषधं कालवायची, बैल पाडून धरायचा. मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस लोक मलाच डाक्टर म्हणत आणि मीही कुणाची चूक सुधारत नसे. बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेर जनावरांची छावणी पडली, तेव्हापासून माझा सगळा दिवस तिथंच जाऊ लागला.

माझ्या कामाचं निम्मं शिक्षण म्हणजे शेण आणि मूत बघणं. शेळी थोडंसं पाणी पिते आणि थोडंसंच सोडते, तेही पिवळंजर्द. तिच्या लेंड्या हातात घेतल्या तर कोरड्या. म्हैस बादल्या पिते आणि बादल्याच सोडते. कोंबडी वेगळं मूततच नाही, शिटेवर जो पांढरा ठिपका असतो तेच तिचं मूत. ज्याला जेवढं पाणी मिळतं तेवढ्यात तो अंगातली घाण बाहेर टाकायची सोय बघतो, आणि ती सोय बिघडली की जनावर खाली बसतं. हे मला पाठ होतं. शिवाय जनावर बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही, त्यामुळं संशय घेणं हा माझ्या धंद्याचाच भाग होता. मालक म्हणे, "काल सांजच्यापास्नं खात न्हाई." मी शेण बघून सांगे, "चार दिवसांपास्नं." बहुतेक वेळा मीच बरोबर असे. त्यामुळं डोकं जरा चढलं होतं.

छावणीत शेणात आणि गोचिडांत वावरून माझ्या पायांवर फोड आले होते. ते चिघळले, मग बसले, आणि मी विसरून गेलो. त्यानंतर तीन आठवड्यांनी तोंड सुजलं आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तीही शेळीएवढी. असा बैल कुणी आणला असता तर आजच्या आज नगरला ने म्हणून मी त्याच्यावर ओरडलो असतो. स्वतःच्या बाबतीत मात्र चार दिवस थांबलो. चहा जास्त होतोय, असं स्वतःला सांगत राहिलो. पाचव्या दिवशी पायात चप्पल शिरेना तेव्हा हौसानं मला हाताला धरून एस्टीत बसवलं.

*

नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान होते आणि बोलताना सारखा चष्मा पुसत. माझ्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. एका परीक्षानळीत माझी लघवी घेऊन त्यांनी ती दिव्यावर उकळली. नळीत अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी गोठलं.

"मूत्रपिंडांना सूज आली आहे," ते म्हणाले. "त्या फोडांचा परिणाम. अंगातलं चांगलं ते बाहेर जातंय आणि घाण आत राहतेय. आजपासून मीठ बंद. पाणीसुद्धा मोजून. काल जेवढी लघवी झाली तेवढं, आणि वर दोन पेले."

"म्हणजे नगरलाही पाण्याची टंचाई आहे तर," मी म्हणालो.

"टंचाई आहेच. पण हे त्यासाठी नाही. तुमची चाळण तुंबली आहे. वरून ओतत राहिलं तर ते जाईल कुठं? छातीत जाईल."

मी मान डोलावली, पण मनातून मला पटलं नव्हतं. एप्रिलचं ऊन, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि हा माणूस मला पाणी देऊ नका म्हणतो. छावणीतसुद्धा आम्ही आजारी जनावराला आधी पाणी दाखवत होतो. दवाखान्याची टाकी रिकामी असणार आणि माझ्या आजाराचं निमित्त सापडलं असणार, असं मी चांगले दोन दिवस धरून चाललो होतो.

*

सकाळी सहाला वजन, मग सुई, मग पेल्यानं मोजलेला चहा. खाटेखाली प्रत्येकाची एक बाटली, दिवसभराची लघवी त्यात साठवायची. माझ्या शेजारच्या खाटेवर एक शाळामास्तर होते, त्यांना माझ्याआधीपासून हाच आजार. त्यांची बाटली माझ्या बाटलीला खेटून असे. सिस्टर घाईत अदलाबदल करत असणार असा मला संशय आला, म्हणून मी माझ्या बाटलीच्या गळ्याला दोरा बांधला. सिस्टरनं तो पाहिला.

"काय हो, लघवी चोरायला कोण येणार आहे इथं?"

सगळा वॉर्ड हसला. मास्तरही हसले, पण त्यांना लगेच धाप लागली. त्यांच्या श्वासाला मुताचा वास येई. मी गुरांमधला माणूस, तो वास मला लगेच ओळखू आला आणि मी तोंड भिंतीकडं केलं. त्याच सिस्टर दुपारी कापसाचा ओला बोळा माझ्या ओठांवर ठेवून जात. "हे पेल्यात धरत नाही हं," असं हळूच म्हणत. त्या बोळ्याची मी दिवसभर वाट पाहायचो.

मास्तरांची लघवी बंदच झाली. मुंबईला रक्त धुवायचं यंत्र आहे म्हणून त्यांना तिकडं नेलं. आठवड्यानं त्यांचा भाऊ राहिलेली गोधडी न्यायला आला. त्यानं ती घडी करून काखेत मारली, मास्तरांच्या रिकाम्या खाटेला हात लावला आणि गेला. त्या दिवसापासून मला खरी भीती वाटायला लागली. संशय घ्यायला जरा जोर लागतो, भीतीनं तोही जातो.

*

तीन आठवड्यांनी माझी सूज उतरली, लघवी वाढली, तिचा रंग निवळला. मीठ नाही आणि पाणी मोजून, एवढ्या दोन अटींवर मला घरी सोडलं. पंधरा दिवसांत पुन्हा डोळ्यांच्या फटी झाल्या. पुन्हा नगर. तिथं दहा दिवसांत सूज उतरली. निघताना डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं.

"इथं उतरते आणि घरी चढते," ते चष्मा पुसत म्हणाले. "मला वाटतं, घरात कुणीतरी तुम्हाला मीठ देतंय. मायेपोटी देत असतील, पण देतायत. बघा जरा. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. मुंबईला पाठवावं लागेल."

मुंबई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ती गोधडी आली.

घरात माणसं किती? मी, हौसा आणि दोन मुली, एक दहाची, एक सातची. मुली चुलीला हात लावत नव्हत्या. राहिलं कोण?

*

खरं सांगायचं तर मला आधीपासूनच वास येत होता. दवाखान्यातली चपाती पुठ्ठ्यासारखी लागे, वरण म्हणजे पिवळं पाणी. आणि घरी हौसाची भाकरी तोंडात घातली की चव लागायची. डाळीचा कट ती खूप वेळ आटवून द्यायची, ताकद यावी म्हणून, तो तर चक्क रुचकर लागायचा. अळणी जेवण रुचकर लागतं कसं?

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला मी भाकरीचा तुकडा मोडला, चावला आणि ताट बाजूला सारलं.

"ह्यात मीठ आहे."

"न्हाई."

"मला चव कळती, हौसा. तू मीठ घालतेस. माझी कीव येते तुला, पण त्या कीवेपायी मी मुंबईला जाऊन मरंन."

तिनं सरळ माझ्याकडं पाहिलं. चुलीकडं नाही, माझ्या डोळ्यांत. बारा वर्षं पाठ केलेली खूण त्या वेळी मला वाचता आली नाही.

"पोरींच्यान् सांगते, चिमूटभर बी घातलं न्हाई."

"पोरींना मधी आणू नकोस."

ती उठली. मिठाची बरणी खाली काढली. आमची बरणी काचेची होती, दवाखान्यातल्या औषधाची रिकामी झालेली, मीच आणलेली. तिनं झाकण घट्ट लावलं, वरून फडकं बांधलं आणि बरणी फळीवर ठेवली.

"आजपास्नं या घरात कुनीच मीठ खानार न्हाई. तुमी न्हाई, मी न्हाई, पोरी न्हाई. मंग तरी पटंल ना?"

पटायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती टँकरवर पाणी आणायला गेली तेव्हा मी काय केलं ते आज लिहिताना लाज वाटते. आम्ही औषधाच्या बाटलीवर डोस कळावा म्हणून कागदाची पट्टी कातरून चिकटवत असू, खाचा पाडलेली. तशी एक बारीक पट्टी मी कातरली आणि बरणीच्या पाठीमागं चिकटवली. खाच बरोबर मिठाच्या पातळीला. भिंतीकडची बाजू, कुणाला दिसणार नाही अशी.

रोज ती बाहेर गेली की मी बरणी फिरवून बघे. मीठ खाचेलाच. मुली ताटावर बसून रडायच्या, धाकटी म्हणायची, "आई, हे गिळवतच न्हाई." हौसा तिला घास भरवायची आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

आणि दहाव्या दिवशी सकाळी माझ्या नडगीवर पुन्हा खळगा पडला.

मग मी चळलोच. तिनं मीठ दुसरीकडं लपवलं असणार. पिठाच्या डब्यात बोट घालून चाटलं. डाळ चाटली. तिखटाचा डबा चाटून ठसका लागला. थोरली दारात उभी राहून हे सगळं बघत होती. मी तिला म्हणालो, "औषध शोधतोय." मला वाटतं ते तिनं आईला सांगितलं.

*

दगडूनाना छावणीतले, दोन खिलारी बैलांचे मालक. माझी खबर घ्यायला म्हणून आले, पण खरं काम बैलांचं होतं. सकाळची वेळ. ओट्यावर माझ्या खाटेशी ते टेकले. हौसा आतल्या दारात परात घेऊन पीठ मळत होती. आमच्यात चार दिवस बोलणं नव्हतं.

"डाक्टर, छावनीत मिठाच्या इटा आल्यात," नाना म्हणाले. "समदे चाटायला देत्यात. मी म्हन्लं, तुमास्नी इचारावं आदी. तुमी मागं नगं म्हन्ला हुता."

"अजिबात देऊ नका," मी पडल्या पडल्या म्हणालो. असे सवाल मला झोपेतही सोडवता यायचे. "नाना, छावणीला पाणी कुठलं? खालच्या मळ्यातल्या विहिरीचं. विहीर तळाला गेली तसं ते मचूळ झालंय. या पाण्यावरच्या जनावराला वरून मीठ कशाला? त्याच्या पोटात ते पाण्यातूनच..."

मी थांबलो.

आत परातीवरचा आवाजही थांबला होता. हौसाच्या शेजारी पीठ भिजवायच्या पाण्याची पितळी घागर होती. टँकरचं गोडं पाणी आमच्या घराला दोन घागरी मिळे. ते फक्त प्यायला, आणि त्यातलं आधी मला, पेल्यानं मोजून. स्वैपाकाला, पिठाला, डाळीला पाणी खालच्या मळ्यातल्या विहिरीचं. सगळ्या गावाचं तेच. आम्ही ते इतके महिने खात होतो की जिभेला कळेनासंच झालं होतं. आणि डाळीचा कट तर ती आटवून आटवून देत होती. जितकी माया जास्त, तितकं मीठ जास्त.

"डाक्टर?" नाना म्हणाले. "पुढं काय म्हनत हुता?"

"पाण्यातूनच जातं," मी म्हणालो. "मीठ."

हौसा दारात आली. कोपरापर्यंत हात पिठानं भरलेले. तिनं त्या हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजी मीच घालत हुते," एवढंच ती म्हणाली.

"तू नाही. मला माहीत होतं. बैलांसाठी माहीत होतं."

नाना आमच्या दोघांकडं बघत राहिले, मग बैलांचं काम झालं असं ठरवून उठले.

तिनं ते मळलेलं पीठ बाजूला ठेवलं, गोड्या पाण्याच्या घागरीवरचं फडकं काढलं आणि माझ्यापुरतं नवं पीठ भिजवलं. ती भाकरी पुठ्ठ्यासारखी लागली. मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि खाताना मला रडू आलं. आजारपणात मी तेव्हा पहिल्यांदा रडलो.

*

मुंबईला जावं लागलं नाही. आठ दिवसांत लघवी वाढली, पंधरा दिवसांत चप्पल पायात शिरली. तरी माझा कुणावर भरवसा नव्हता, म्हणून गुरांच्या दवाखान्यातल्या नळीत मी दर आठवड्याला स्वतःची लघवी उकळून बघायचो. नळीतला पांढरा साका कमी कमी होत गेला. नगरला जाऊन डॉक्टरांना विहिरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"पाणी कुठलं, हे मी विचारलंच नाही," ते म्हणाले.

मीठ बंद झालेल्या प्रत्येकाला म्हणून मी हे सांगतो. बरणीकडं नंतर बघा. आधी पीठ कुठल्या पाण्यात मळलंय ते विचारा. आणि घरातल्या माणसावर बोट रोखायच्या आधी आपल्याला काय काय माहीत आहे ते एकदा आठवून बघा.

माझ्या स्वैपाकाला गोडं पाणी लागू लागल्यावर दोन घागरी पुरत कशा होत्या, हा हिशेब मला बऱ्याच उशिरा सुचला. हौसा त्या दोन घागरींना तोंड लावत नव्हती. मला आणि मुलींना गोडं, स्वतःला मचूळ. कळल्यावर मी तिला खाटेवर बसवून तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला नाही.

"काय बगताय?" ती म्हणाली. "मी बी चोरून मीठ खाते का?"

मी अंगठा काढून घेतला.

*

पाचव्या महिन्यात नळी उकळली आणि पाणी पाण्यासारखंच राहिलं. डॉक्टरांनीही त्यांच्या नळीत खात्री केली आणि चिमूटभर मीठ खायला परवानगी दिली. एस्टीतून उतरून मी चालत घरी आलो. हौसानं वांग्याचं कालवण केलं होतं. मुली आधीच ताटावर बसल्या होत्या, त्यांना बातमी माझ्याआधी पोचली होती.

"बरणी काढ," मी म्हणालो.

तिनं फळीवरून बरणी उतरवली, फडकं सोडलं आणि ती माझ्यापुढं ठेवली. भिंतीकडची बाजू माझ्याकडं करून.

"आदी पट्टी बगून घ्या," ती म्हणाली. "मंग झाकन काढा."

कागद पिवळा पडला होता. मीठ बरोबर खाचेला होतं. इतके महिने तिघी अळणी जेवल्या होत्या, आणि पट्टी चिकटवली त्याच दिवसापासून तिला ती माहीत होती.

मला माफी मागता आली नाही. मी झाकण काढलं, चिमूट घेतली आणि ती माझ्या ताटात न टाकता तिच्या कालवणात टाकली. मुली बघत होत्या. हौसानं घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. लई खारट झालं," ती म्हणाली आणि डोळे चुलीकडं नेले.